फुटबॉल लीग द्वितीय श्रेणी, १९१४–१५

इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीवरील स्पर्धेचा हा तेविसावा हंगाम. पहिल्या महायुद्धामुळे लीगचे सामने चार वर्षे बंद पडण्यापूर्वीचा तो अखेरचा पूर्ण हंगाम होता. सप्टेंबर १९१४ ते एप्रिल १९१५ या काळात वीस संघांनी प्रत्येकी ३८ सामने खेळले. डर्बी काउंटीने ५३ गुणांसह विजेतेपद मिळवले आणि प्रेस्टन नॉर्थ एंड ५० गुणांसह दुसरा आला. असे असले तरी फुटबॉलच्या इतिहासलेखनात हा हंगाम विजेत्यांपेक्षा पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या आर्सेनलमुळे अधिक चर्चिला गेला, कारण या गुणतक्त्याच्या आधारे नव्हे, तर त्याला बाजूला सारून मार्च १९१९ मध्ये आर्सेनलला प्रथम श्रेणीत प्रवेश देण्यात आला.

द्वितीय श्रेणीची स्थापना १८९२ मध्ये झाली. त्यापूर्वीची फुटबॉल अलायन्स ही प्रतिस्पर्धी स्पर्धा लीगमध्ये विलीन झाली आणि तिच्यातील बहुतेक संघांना या श्रेणीत जागा मिळाली. आरंभी वरच्या श्रेणीतील तळाचे आणि खालच्या श्रेणीतील अव्वल संघ परस्परांशी कसोटी सामने खेळत व त्यांवर बढती-पदावनती ठरे. १८९८ मध्ये ही पद्धत रद्द झाली आणि दोन संघ वर, दोन संघ खाली, असा थेट नियम आला. विजयाला दोन गुण व बरोबरीला एक गुण मिळे. गुण समान झाल्यास गोल सरासरी पाहिली जाई, म्हणजे केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागून येणारा आकडा. आज रूढ असलेला गोलफरक इंग्लंडमध्ये १९७६ नंतर आला, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

ब्रिटनने ४ ऑगस्ट १९१४ रोजी युद्धात उडी घेतली, तेव्हा हंगाम तोंडावर आला होता. क्रिकेट व रग्बीच्या संघटनांनी आपले कार्यक्रम आवरते घेतले, तर फुटबॉलने व्यावसायिक खेळाडूंशी झालेले करार आणि युद्ध लवकर संपेल हा त्या वेळचा समज यांच्या भरवशावर हंगाम चालू ठेवला. त्यावर वृत्तपत्रांतून व व्यासपीठांवरून कडक टीका झाली. १५ डिसेंबर १९१४ रोजी लंडनमधील फुलहॅम टाउन हॉलमध्ये झालेल्या सभेत मिडलसेक्स रेजिमेंटची सतरावी बटालियन, म्हणजेच ‘फुटबॉलपटूंची बटालियन’, उभी राहिली. तीत द्वितीय श्रेणीतील क्लॅप्टन ओरिएंट या संघाचा वाटा सर्वांत मोठा होता. नाव नोंदवणाऱ्यांत संघाचा कर्णधार फ्रेड पार्कर अग्रभागी होता आणि पुढे खेळाडू व कर्मचारी मिळून ओरिएंटची सुमारे चाळीस माणसे सैन्यात गेली. एप्रिल १९१५ मध्ये लेस्टर फॉसविरुद्धच्या अखेरच्या घरच्या सामन्याच्या वेळी त्यांचे निरोपाचे संचलन झाले. त्यांपैकी विल्यम जोनस, जॉर्ज स्कॉट व रिचर्ड मॅकफॅडन हे तिघे १९१६ मध्ये फ्रान्समधील सोमच्या मोहिमेत कामी आले. ओरिएंट त्या हंगामात नवव्या क्रमांकावर राहिला. निम्म्याहून अधिक मोसम शिपाईगिरी अंगावर घेऊन खेळलेल्या संघाची ही कामगिरी तक्त्यात केवळ एक ओळ म्हणून उरली आहे.

डर्बी आणि प्रेस्टन हे दोन्ही संघ १९१४ मध्येच प्रथम श्रेणीतून खाली आले होते व दोघेही एका वर्षात परत वर गेले. डर्बीने ७१ गोल केले आणि ३३ स्वीकारले. त्यांच्यामागे बार्न्सली ४७ गुणांसह तिसरा आणि वुल्वरहॅम्प्टन वाँडरर्स ४५ गुणांसह चौथा आला. यॉर्कशरमधील कोळसाखाणींच्या पट्ट्यातला बार्न्सली १८९८ पासून लीगमध्ये होता, १९१२ मध्ये त्याने एफए चषक जिंकला होता, परंतु प्रथम श्रेणीत तो कधीच खेळला नव्हता. मधल्या फळीतील हल सिटी, हडर्सफील्ड टाउन, ब्लॅकपूल, बरी, फुलहॅम, ब्रिस्टल सिटी, स्टॉकपोर्ट काउंटी, लीड्स सिटी, लिंकन सिटी व ग्रिम्सबी टाउन यांच्या बाबतीत विशेष नोंदवण्याजोगे घडले नाही. नॉटिंगहॅम फॉरेस्ट अठरावा, लेस्टर फॉस एकोणिसावा आणि डर्बीशरमधील ग्लॉसप हा छोट्या गिरणगावाचा संघ तळाशी होता.

आर्सेनल पाचवा की सहावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी संदर्भग्रंथांत तो दीर्घकाळ गोंधळाचे कारण ठरला आहे. आर्सेनल व बर्मिंगहॅम या दोघांचेही ४३ गुण झाले. आर्सेनलने ६९ गोल केले व ४१ स्वीकारले, म्हणजे सरासरी १.६८. बर्मिंगहॅमने ६२ केले व ३९ स्वीकारले, म्हणजे सरासरी १.५९. या हिशेबाने आर्सेनल पाचवा ठरतो. तरीही त्या काळी छापलेल्या तक्त्यांत बर्मिंगहॅम वर व आर्सेनल खाली होता, आणि पुढील अनेक दशके ‘सहाव्या क्रमांकावरून बढती’ हे वाक्य एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत राहिले. दुरुस्ती झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. चूक कशी झाली असावी याचा एक धागा आकड्यांतच दिसतो. २४ एप्रिल १९१५ रोजी आर्सेनलने आपल्या अखेरच्या सामन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टला ७–० असे हरवले. हे सात गोल वगळले तर सरासरी ६२ भागिले ४१, म्हणजे १.५१ येते आणि आर्सेनल बर्मिंगहॅमच्या खाली जातो. या सामन्याचे गुण बेरजेत धरले गेले, पण गोल धरायचे राहून गेले, असे मानल्यास छापील क्रम जुळतो. हा तर्क आहे, परंतु निव्वळ भागाकार चुकला या सर्वसाधारण स्पष्टीकरणापेक्षा तो अधिक पटण्यासारखा आहे. गोलफरक काढला तरी २८ विरुद्ध २३ असा आर्सेनलच वर राहतो, म्हणून पद्धतीतील गल्लतीचे कारण येथे लागू पडत नाही.

गोल सरासरीने आर्सेनलला आदल्या वर्षीच मोठा फटका दिला होता. १९१३ मध्ये हा संघ, तेव्हाचा वुलिच आर्सेनल, प्रथम श्रेणीत तळाला जाऊन खाली आला. त्याच वर्षी त्याने आग्नेय लंडनमधील प्लमस्टेड सोडून उत्तर लंडनच्या हायबरी येथे नवे मैदान घेतले. या स्थलांतराला शेजारच्या टॉटनहॅम हॉटस्परने व क्लॅप्टन ओरिएंटने हरकत घेतली होती, परंतु लीगने हस्तक्षेप केला नाही. १९१३–१४ मध्ये आर्सेनल व ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यू यांचे ४९ गुण समान झाले आणि सरासरीवर बढती ब्रॅडफर्डला मिळाली. नव्या मैदानाच्या खर्चाखाली आलेल्या संघाला प्रथम श्रेणीतील सामन्यांच्या प्रवेशशुल्काची किती गरज होती, हे यावरून समजते.

प्रथम श्रेणीत १९१५ मध्ये अठरावा मँचेस्टर युनायटेड ३० गुण, एकोणिसावा चेल्सी २९ गुण आणि विसावा टॉटनहॅम २८ गुण असा तळ होता. तथापि २ एप्रिल १९१५ रोजी, गुड फ्रायडेला, ओल्ड ट्रॅफर्ड येथे युनायटेडने लिव्हरपूलवर मिळवलेला २–० असा विजय आधीच ठरलेला होता, हे नंतर सिद्ध झाले. काही खेळाडूंनी याच निकालावर पैसे लावले होते. चौकशीनंतर इंग्लिश फुटबॉलची नियामक संस्था असलेल्या फुटबॉल असोसिएशनने युनायटेडच्या तीन व लिव्हरपूलच्या चार खेळाडूंवर आजीव बंदी घातली, परंतु निकाल तसाच राहिला. युनायटेड हा सामना हरला असता तर त्याचे २८ गुण झाले असते आणि चेल्सी अठराव्या स्थानी राहून वाचला असता. टॉटनहॅमच्या जागेत मात्र फरक पडला नसता, कारण ५७ गोल करून ९० स्वीकारणाऱ्या या संघाची सरासरी युनायटेडपेक्षा तशीही वाईट होती. प्रथम श्रेणीत राहण्याचा चेल्सीचा दावा आणि टॉटनहॅमचा दावा यांतील हा भेद या सामनानिश्चितीचा, म्हणजे निकाल आधीच ठरवण्याचा, इतिहास सांगताना अनेकदा पुसला जातो.

युद्धानंतर खेळ पुन्हा सुरू करताना दोन्ही श्रेणी वीसवरून बावीस संघांच्या करण्याचे ठरले. अशा विस्ताराचे दोन दाखले लीगपुढे होते. १८९८ मध्ये स्टोक व बर्नली यांनी प्रथम श्रेणीतील जागेसाठी दोघांनाही पुरेशी असलेली गोलशून्य बरोबरी साधल्यानंतर श्रेणी अठरा संघांच्या झाल्या आणि कसोटी सामन्यांत मागे पडलेल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स व न्यूकॅसल युनायटेड यांनाही प्रथम श्रेणीत जागा दिली गेली. १९०५ मध्ये श्रेणी वीस संघांच्या झाल्या तेव्हा वरच्या श्रेणीतील तळाच्या बरी व नॉट्स काउंटी यांना तेथेच ठेवून लिव्हरपूल व बोल्टन वाँडरर्स यांना बढती दिली गेली. विशेषतः दुसऱ्या दाखल्यानुसार १९१९ मध्ये चेल्सी व टॉटनहॅम वरच राहायला हवे होते. १० मार्च १९१९ रोजी मँचेस्टर येथे झालेल्या सभेत चेल्सीला विनालढत ठेवण्यात आले. उरलेल्या एका जागेसाठी मात्र मतदान झाले. आर्सेनलला १८, टॉटनहॅमला ८, बार्न्सलीला ५, वुल्वरहॅम्प्टनला ४, नॉटिंगहॅम फॉरेस्टला ३, बर्मिंगहॅमला २ आणि हल सिटीला १ अशी ४१ मते पडली. आर्सेनलला बहुमत नव्हते, पण विरोधकांची मते सहा जागी वाटली गेली होती.

लीगचे अध्यक्ष व लिव्हरपूलचे संचालक जॉन मकेना यांनी या सभेत आर्सेनलच्या लीगमधील दीर्घ सेवेचा दाखला दिला, असे परंपरेने सांगितले जाते. १८९३ मध्ये लीगमध्ये आलेला हा दक्षिण इंग्लंडमधील पहिला संघ होता. हा दाखला जसाच्या तसा घेतला तर टिकत नाही. वुल्वरहॅम्प्टन १८८८ च्या संस्थापक संघांपैकी होता आणि बर्मिंगहॅम (तेव्हाचा स्मॉल हीथ) व फॉरेस्ट १८९२ मध्ये आले होते. तुलना १९०८ मध्ये आलेल्या टॉटनहॅमपुरती असेल तर मात्र तिला अर्थ आहे, आणि मतांचा कल पाहता ती तशीच समजली गेली असावी.

आर्सेनलचे अध्यक्ष सर हेन्री नॉरिस यांच्या भूमिकेविषयी अभ्यासकांत एकमत नाही. बांधकाम व्यवसायातून पुढे आलेले नॉरिस युद्धकाळात फुलहॅमचे महापौर होते, १९१७ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि डिसेंबर १९१८ मध्ये ते फुलहॅम ईस्टमधून संसदेवर निवडून आले. त्यांनी लाच दिली, किंवा सामनानिश्चितीचे प्रकरण पुन्हा उकरण्याची धमकी देऊन मकेना यांना वळवले, अशी मांडणी बऱ्याच लेखनात आढळते. १९१९ ते १९२५ या काळात आर्सेनलचे व्यवस्थापक असलेल्या लेस्ली नाइटन यांनी पुढे लिहिलेल्या आठवणी आणि १९२७ मध्ये आर्थिक गैरव्यवहारांवरून फुटबॉल असोसिएशनने नॉरिस यांच्यावर केलेली कारवाई यांनी या मांडणीला बळ दिले. परंतु ही कारवाई १९२० च्या दशकातील व्यवहारांसंबंधी होती, आणि नाइटन यांना नॉरिस यांनी बडतर्फ केले होते, हेही विसरता येत नाही. १९१९ च्या लाचेचा कागदोपत्री पुरावा पुढे आलेला नाही. अलीकडील संशोधकांचा भर उघड प्रचारावर आहे: नॉरिस यांनी सभेपूर्वी क्लबांच्या प्रतिनिधींना गाठून मते जमवली, तर टॉटनहॅमने पूर्वदाखल्यांवर विसंबून फारशी हालचाल केली नाही. उपलब्ध माहितीशी हे मत अधिक सुसंगत दिसते. मात्र मते रीतसर मिळवली गेली असे मानले तरी मूळ अन्याय उरतोच. गुणतक्त्यात तिसऱ्या आलेल्या बार्न्सलीचा दावा क्रमानुसार सर्वांत बळकट होता, आणि त्याला अवघी पाच मते मिळाली.

बार्न्सलीला अव्वल श्रेणीसाठी १९९७ पर्यंत थांबावे लागले आणि तेथे तो एकच हंगाम टिकला. वुल्वरहॅम्प्टन १९२३ मध्ये तृतीय श्रेणीत घसरला. बर्मिंगहॅम १९२१ मध्ये विजेता म्हणून वर गेला. टॉटनहॅमने १९१९–२० मध्ये ७० गुण व १०२ गोल करून द्वितीय श्रेणी जिंकली आणि प्रश्न मैदानावर सोडवला, तरी दोन्ही क्लबांमधील वैराला या मतदानाने कायमची धार आली. आर्सेनल १९१९ पासून आजवर अव्वल श्रेणीतून खाली गेलेला नाही.

तळाच्या ग्लॉसपची जागा १९१५ मध्येच स्टोकला देण्यात आली होती व तो संघ लीगमध्ये परतला नाही. लेस्टर फॉस १९१९ मध्ये लेस्टर सिटी झाला. विस्तारामुळे कॉव्हेंट्री सिटी, रॉदरहॅम काउंटी, साउथ शील्ड्स आणि वेस्ट हॅम युनायटेड हे चार नवे संघ द्वितीय श्रेणीत आले. युद्धकाळात खेळाडूंना नियमबाह्य मोबदला दिल्याच्या आरोपावर हिशेबाच्या वह्या सादर करण्यास नकार देणाऱ्या लीड्स सिटीला ऑक्टोबर १९१९ मध्ये आठ सामन्यांनंतर लीगमधून काढून टाकण्यात आले. त्याच्या खेळाडूंचा लीड्समधील मेट्रोपोल हॉटेलात लिलाव झाला आणि उरलेले सामने पोर्ट व्हेलने पूर्ण केले.