बांधकाम परवानगी (नाशिक)

नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत नवे घर बांधण्यापूर्वी नगररचना विभागाकडून घ्यावी लागणारी मंजुरी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 (कलमे 44 व 45) आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 (कलमे 253 व 254) हे तिचे कायदेशीर आधार. बांधकामाचे तपशीलवार नियम डिसेंबर 2020 पासून राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहेत. सातपूर-अंबडच्या औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी आणि देवळाली छावणीत कटक मंडळ (कॅन्टोन्मेंट बोर्ड) ही प्राधिकरणे वेगळी आहेत.

या प्रथेचा आरंभ काही वेळा नाशिक नगरपालिकेच्या स्थापनेपासून, म्हणजे 1864 च्या सुमारापासून, मोजला जातो. तथापि गावात पालिका असणे आणि घर बांधणाऱ्याने तिला आगाऊ कळवण्याचे बंधन असणे या निराळ्या गोष्टी होत. नव्या इमारतीची सूचना पालिकेला देण्याची तरतूद मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियम, 1901 मध्ये स्पष्ट दिसते. त्यामुळे आजच्या अर्थाच्या परवानगीचा आरंभ केवळ पालिकेच्या स्थापनेवरून धरता येत नाही. विकास आराखड्याशी ताडून मंजुरी देण्याची रीत मात्र त्यानंतरची. 7 नोव्हेंबर 1982 रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर या नगरपालिका व लगतची गावे एकत्र येऊन महापालिका झाली आणि या सर्व भागांचे नकाशे एकाच कार्यालयाकडे आले.

अर्ज आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत ऑनलाइन दाखल होतो. सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, मंजूर अभिन्यास (लेआउट) आणि बिनशेतीचे कागद सोबत लागतात. नकाशात प्रस्तावित काम लाल रंगाने भरतात, पाडायचे बांधकाम पिवळ्या रेघांनी आणि रस्ता हिरव्या रंगाने दाखवतात. प्लॉटची हद्द जाड काळ्या रेषेने काढतात. साठ दिवसांत निर्णय न कळवल्यास, प्रस्ताव नियमांना धरून असेल तर, परवानगी मिळाल्याचे मानले जाते. 150 चौ. मी. पर्यंतच्या प्लॉटवर अभियंत्याच्या दाखल्यासह सूचना देऊन शुल्क भरल्यास पावतीच परवानगीच्या जागी चालते. लहान घर बांधणाऱ्यांसाठी ही सवलत मोलाची असूनही तिची माहिती पुरेशी पोहोचलेली नाही.

किती बांधता येईल हे मुख्यतः समोरच्या रस्त्यावर ठरते. दाट वस्तीबाहेर 9 मी. पेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) 1.10 असून त्यावर प्रीमियम (जादा बांधकामाचे शुल्क) भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जमिनीचा हस्तांतरणीय विकास हक्क) विकत घेऊन भर घालता येत नाही, 9 मी. पासून पुढे ती मुभा मिळते. नाशिकच्या जुन्या कॉलन्यांत 6 आणि 7.5 मी. चे रस्ते फार, म्हणून हा मुद्दा येथे कळीचा ठरतो. ‘कपाट प्रकरण’ या नावाने शहरात ठाऊक असलेला वाद यातूनच उद्भवला. पूर्वीच्या नियमांत भिंतीबाहेर काढलेली कपाटे चटई क्षेत्रात धरली जात नसत. प्रत्यक्षात अनेक इमारतींत मधली भिंत न घालता ती जागा खोलीत सामावली गेली. 2015-16 च्या सुमारास अशा इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडले. वापरलेले जादा क्षेत्र नियमित करायचे तर टीडीआर हवा आणि अरुंद रस्त्यावर तो चालत नाही, असा पेच पडला. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्त्याची रेषा 9 मी. पर्यंत सरकवून प्लॉटधारकांनी कडेची जागा सोडावी, हा तोडगा त्यावेळी पुढे आला. हा केवळ बिल्डरांच्या लबाडीचा प्रश्न होता असे एक मत आहे. नियमाची रचनाच अशा वापराला वाव देणारी होती, हे दुसरे. दुसऱ्या मतात तथ्य अधिक दिसते, कारण 2020 च्या नियमावलीने अशा सुट्या सवलतींऐवजी निवासी बांधकामासाठी 60 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक (मूळ निर्देशांकावर जोडून मिळणारे) क्षेत्र, प्रीमियम आकारून, सरसकट देऊ केले. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून त्या सदनिका घेतल्या होत्या, त्यांचा मधल्या काळातील मनस्ताप मात्र भरून निघालेला नाही.

गोदावरी व तिच्या उपनद्यांकाठी पूररेषा (नदीजवळची निळी व तिच्यापलीकडची, मोठ्या पुराची लाल) तपासाव्या लागतात. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवे बांधकाम निषिद्ध. निळ्या व लाल रेषेच्या मध्ये ते लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मी. उंचीवर होऊ शकते. जुने नाशिक व पंचवटीतील वाड्यांना दाट वस्तीचे वेगळे नियम लागतात.

परवानगीसोबत मिळणारे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालते व पुढे मर्यादेत वाढवून मिळते. जोते झाल्यावर अभियंता ते मंजूर नकाशाप्रमाणे असल्याचा दाखला देतो. येथे चूक सापडली तर ती कमी खर्चात सुधारते. स्लॅब टाकल्यावर सामासिक अंतरातील (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेतील) एका फुटाची चूकही महागात जाते. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि नियमानुसार त्यापूर्वी राहायला जाता येत नाही. परवानगी नाकारल्यास नगररचना अधिनियमाच्या कलम 47 अन्वये शासनाकडे अपील करता येते. विनापरवाना बांधकामाला त्याच अधिनियमाच्या कलम 53 ची नोटीस लागू होते, तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267 अ मध्ये मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंतच्या शास्तीची तरतूद आहे.