विजेने मोजलेला हायड्रोजन

हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन किती सोडला ते मीटरवर दिसतं, वीज किती आली तेही दिसतं. मधल्या वाटेवर तो कुठे रखडतो, हे मात्र दिसत नाही. ही वाट म्हणजे साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा कार्बन पेपर आणि त्यामागचा जेमतेम काही मायक्रॉनचा उत्प्रेरकाचा थर. एवढ्याशा अंतरात प्रोब घालणार कुठे?

विल्यम ग्रोव्हने १८४२मध्ये आपली 'गॅस बॅटरी', म्हणजे फ्युएल सेलचा पूर्वज, मांडली, तेव्हाच त्याने हेरलं होतं की वायू, आम्ल आणि प्लॅटिनम जिथे एकमेकांना भिडतात तिथेच खरी क्रिया चालते. त्या जागेचा नीट छडा लागायला १९६३ उजाडलं. फ्रिट्झ विल या संशोधकाने हायड्रोजनच्या वातावरणात, गंधकाम्लात बुडवलेला प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड थोडाथोडा वर उचलला. पूर्ण बुडालेला असताना प्रवाह अगदी कमी होता, वर काढू लागताच तो झपाट्याने वाढला. उघड्या पडलेल्या धातूला आम्लाचा पातळ पापुद्रा चिकटून राहतो आणि तो ओलांडायला हायड्रोजनला वेळ लागत नाही. इतका साधा प्रयोग आणि इतकं स्पष्ट उत्तर!

मोजण्याची युक्ती मात्र धातूच्या अभ्यासातून आली. पॅलेडियम हायड्रोजन शोषून घेतं, हे थॉमस ग्रॅहमने १८६६मध्ये दाखवलं होतं. १९६२मध्ये देवनाथन आणि स्टाखुर्स्की यांनी पॅलेडियमचा पातळ पत्रा दोन कप्प्यांच्या मध्ये बसवला. एका बाजूने हायड्रोजन आत शिरायचा, दुसऱ्या बाजूला पोचताक्षणी त्याचं ऑक्सिडीकरण व्हायचं. प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन, म्हणजे प्रवाह मोजला की पलीकडे आलेला हायड्रोजन मोजला गेला. प्रवाह उमटायला लागलेल्या वेळावरून विसरणाचा, म्हणजे हायड्रोजन आत पसरत जाण्याचा, वेगही काढता येतो. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी कल्पना हीच.

फ्युएल सेलच्या सच्छिद्र इलेक्ट्रोडमध्येही, म्हणजे त्या कार्बन पेपर आणि उत्प्रेरकाच्या थरातही, तोच हिशोब चालतो, पण शुद्ध हायड्रोजन घेतला तर तुटवडा जाणवतच नाही. नायट्रोजनमध्ये तो ऑक्सिजनच्या साडेतीन-चार पट वेगाने पसरतो. म्हणून नायट्रोजन मिसळून तो मुद्दाम खूप विरळ करायचा आणि व्होल्टेज वाढवूनही प्रवाह वाढेनासा होईपर्यंत जायचं. मग नायट्रोजनच्या जागी हेलियम द्यायचा. हेलियममध्ये हायड्रोजन जवळपास दुप्पट वेगाने पसरतो. त्यामुळे प्रवाह वाढला तर अडथळा कार्बन पेपरच्या मोठ्या छिद्रांत आहे, आणि ढिम्म हलला नाही तर उत्प्रेरकाच्या थरातल्या अतिसूक्ष्म छिद्रांत किंवा प्लॅटिनमवरच्या पापुद्र्यात.