पाळण्यातले पाय आणि प्रमाण विचलन

डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीग या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतल्या संघांचे कारभारी डॅलस शहरात हिवाळी बैठकीसाठी जमले असताना शिकागो व्हाइट सॉक्सने आपला सर्वोत्तम पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू) गॅरेट क्रोशे बॉस्टन रेड सॉक्सच्या हवाली केला आणि मोबदल्यात चार तरुण घेतले. त्या चौघांपैकी एकही तोवर मेजर लीगचा सामना खेळलेला नव्हता. क्रोशेने मात्र नुकत्याच संपलेल्या हंगामात १४६ डावांत २०९ फलंदाज स्ट्राइक-आउट केले होते, म्हणजे चेंडू मैदानात खेळू न देताच बाद केले होते. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये असे आपण म्हणतो; व्हाइट सॉक्सने नेमके तेच केले, आणि तेही हिशेब मांडून.

हा हिशेब समजायला एक नियम पुरेसा आहे. मेजर लीगमध्ये सहा हंगामांची सेवा भरेपर्यंत खेळाडूला दुसऱ्या संघाशी मोकळेपणाने करार करता येत नाही, आणि पहिली तीनेक वर्षे त्याला बहुधा किमान वेतनाच्या आसपासच पैसे मिळतात. २०२५ मध्ये ही रक्कम ७ लाख ६० हजार डॉलर होती. क्रोशेवरचा हक्क दोनच हंगामांचा उरला होता आणि १६२ पैकी १२१ सामने हरण्याचा आधुनिक काळातला नीचांक करून बसलेला संघ तेवढ्या अवधीत सावरण्याची शक्यता नव्हती. चार होतकरू खेळाडूंचे मिळून अनेक स्वस्त हंगाम हाती येणे त्याला अधिक मोलाचे वाटले. प्रश्न इतकाच, की होतकरू म्हणून ज्याला घ्यायचे त्याच्याविषयी आपल्याला नक्की किती कळलेले असते?

खेळाडू हेरणारे स्काउट गेली अनेक दशके २० ते ८० अशी एक विचित्र वाटणारी गुणपट्टी वापरत आले आहेत. शून्य ते शंभर सोडून ही मधलीच पट्टी का, याचे उत्तर सांख्यिकीत आहे. मेजर लीगमधली सरासरी म्हणजे ५०, आणि त्यापासूनचे प्रत्येक १० गुण म्हणजे ढोबळमानाने एक प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात याचे माप). घंटेच्या आकाराच्या वक्रात सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन प्रमाण विचलने घेतली की जवळपास ९९.७ टक्के नमुने त्यात येतात, म्हणजे २० आणि ८० ही व्यवहारात दोन टोकेच झाली. यात मेख अशी, की अठरा वर्षांच्या मुलाचे गुणही मेजर लीगच्या सरासरीशीच ताडून दिले जातात, आणि बहुधा ते दोन असतात: आजची पातळी आणि पुढे गाठता येईल अशी पातळी. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात या म्हणीवर स्काउटांचा विश्वास असला, तरी पाय वाढणार किती याचा अंदाज ते वेगळा लिहून ठेवतात.

डोळ्यांचा अंदाज आकड्यांनी तपासावा म्हटले, तर आकडेही सहज फसवतात. समजा, एखाद्या फलंदाजाची खरी क्षमता शंभरात २७ वेळा हिट (बाद न होता धावून पुढचा टप्पा गाठता येईल असा फटका) मारण्याची आहे. केवळ योगायोगाने होणारा चढउतार मोजला, तर १०० संधींसाठी प्रमाण विचलन साडेचारच्या आसपास येते. म्हणजे तोच मुलगा, तीच बॅट, तेच मनगट. पण एका महिन्यात २३ हिट आणि दुसऱ्या महिन्यात ३१ हिट दिसल्या, तरी त्यात नवल काही नाही. एका आकड्यावर त्याला घरी पाठवतील, दुसऱ्यावर डोक्यावर घेतील. संधी ५०० झाल्या तरी ही अनिश्चितता शंभरामागे दोन हिटांच्या आसपास उरतेच. उलट स्ट्राइक-आउटचे प्रमाण फार लवकर स्थिरावते, कारण त्यात क्षेत्ररक्षकाचा हात, वारा आणि नशीब यांचा वाटा कमी असतो. बॉस्टनने दिलेल्या चौघांतला चेस मायड्रॉथ ताकदीच्या फटक्यांसाठी प्रसिद्ध नव्हता, परंतु मेजर लीगच्या खालच्या मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवर २०२४ मध्ये तो जितक्यांदा स्ट्राइक-आउट झाला, त्याहून जास्त वेळा त्याने वॉक (पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंमुळे फटक्याविना मिळणारा पहिला टप्पा) मिळवला होता. नशिबाने कमी डागाळलेला आकडा म्हणून त्याला वजन.

सरासरीला नमुने भरपूर लागतात, कमालीला मात्र एकही पुरतो; मला स्वतःला या साऱ्या मोजमापातली ही सर्वांत मोहक गोष्ट वाटते. बॅटवरून ताशी १८५ किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू योगायोगाने सुटत नाही, तेवढी शक्ती अंगात असावीच लागते. क्रिकेटमध्ये पायचीतचा निर्णय तपासणारे हॉक-आय तंत्रज्ञान २०२० पासून मेजर लीगच्या मैदानांवर हा वेग टिपते. तो फटका क्षेत्ररक्षकाच्या हाती गेला आणि धावफलकावर शून्य लागले, तरी स्काउटच्या वहीतली नोंद टिकते.

दुसरी बाजू वयाची. फलंदाज सरासरीने सव्विशी-सत्ताविशीच्या सुमारास बहरात असतो आणि धावण्याचा वेग तर त्याआधीच उतरू लागतो. सहा हंगामांच्या नियमामुळे बहुतेक खेळाडू मोकळे होतात ते तिशीच्या उंबरठ्यावर, म्हणजे संघ उतरणीची किंमत मोजतो. हुआन सोटो १९व्या वर्षीच मेजर लीगमध्ये आल्यामुळे २६व्या वर्षी मोकळा झाला. त्याच डिसेंबरात न्यू यॉर्क मेट्सने त्याला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर देऊ केले, त्यामागे बहराची हाती येणारी ती जादा वर्षे आहेत.

पिचरबाबत वयाच्या वक्राआधी कोपर आडवे येते. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध जोरदार फेकीचा ताण सोसत असतो आणि तो फाटला, तर शरीरातलाच दुसरा कंडरा घेऊन नवा बसवावा लागतो. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केलेली ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. क्रोशेवर ती २०२२ मध्ये झाली होती. पिचरसाठी चौघे घेताना व्हाइट सॉक्सने त्यात विकलमन गोन्झालेस हा एकच पिचर ठेवला, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

२०२५ च्या हंगामात क्रोशेने बॉस्टनसाठी २५५ फलंदाज स्ट्राइक-आउट केले. सहा वर्षांचा, १७ कोटी डॉलरचा नवा करार त्याने त्या हंगामाच्या सुरुवातीलाच केला होता. व्हाइट सॉक्स पुन्हा १०२ सामने हरले, मात्र त्यांच्याकडून मायड्रॉथ आणि कॅचर काइल टील मेजर लीगमध्ये उतरले. चौघांतला ब्रेडन मॉन्टगोमेरी तो हंगाम संपेपर्यंत मायनर लीगमध्येच होता आणि त्याची सहा वर्षे मोजायला सुरुवातही झालेली नव्हती.