मिठागराचे मीठ आणि रक्तदाब : एक खुलासा

पेडण्यातील आगरवाड्याच्या मिठागरांतले जाडे मीठ ‘नैसर्गिक’ असल्यामुळे रक्तदाब वाढवत नाही, हा गोव्यात ऐकू येणारा जुना समज चुकीचा आहे. चवीचा मुद्दा अर्थातच वेगळा. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतील पेशींवर मिठातले सोडियम आत घेणारी वाहिनी असते, तिचा बीटा घटक घडवणारे एससीएनएन१बी हे जनुक १६ व्या गुणसूत्रावर आहे, आणि सोडियम आगरातून आले की पाकिटातून, हे त्या वाहिनीला कळत नाही. या जनुकात विशिष्ट बिघाड असल्यास वाहिन्या पेशीच्या पृष्ठभागावरून वेळेवर काढल्या जात नाहीत, सोडियम साचते आणि तरुणपणीच रक्तदाब चढतो. १९६३ मध्ये वर्णन झालेल्या या दुर्मीळ लिडल विकारात अमिलोराइड या औषधासोबत मीठही कमी करावे लागते, मग ते कोणत्याही आगरातले असो.