बायकांचा सततचा थकवा

रात्री झोपून आणि सुट्टीच्या दिवशी आराम करूनसुद्धा न जाणारा, आठवडे नि महिने मागे लागलेला थकवा म्हणजे सततचा थकवा. हा स्वतः आजार नाही, लक्षण आहे, आणि एकाच बाईत याची दोन-तीन कारणं एकत्र असणं अगदी कॉमन आहे, म्हणून एक कारण सापडलं की शोध बंद करायचा नसतो. दवाखान्यात आल्यावर "मला थकवा आहे" असं सरळ फार कमी बायका सांगतात, अंगात त्राण नाही, पिंढऱ्या ओढतात, जिना चढला की धाप लागते, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते असं सांगतात. खेड्यात तर बरेचदा "अंगावरून पांढरं जातं म्हणून ताकद गेली" असं ऐकू येतं. पांढरं जाण्याने ताकद जात नाही, इन्फेक्शन असेल तर त्याचा उपचार वेगळा, पण ही तक्रार घेऊन आलेल्या बाईचं रक्त तपासायला काय हरकत आहे, थकवा तर खराच असतो ना.

आपल्याकडे सगळ्यात मोठं कारण म्हणजे रक्त कमी असणं, ॲनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या, पुरुष २५ टक्के. महाराष्ट्रात हा आकडा ५४ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि आधीच्या फेरीत तो ४८ होता, म्हणजे कमी व्हायचा सोडून वाढलाय. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. "माझं नऊ आहे, चालतंय" असं हसत सांगणाऱ्या बायका प्रत्येक घरात सापडतील, पण नऊ म्हणजे मध्यम ॲनिमिया, ते चालत नाही, ती बाई चालवून घेते.

हे बायकांमध्येच एवढं का, याचा हिशोब सोपा आहे. पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं, ८० मिलीच्या वर गेलं तर जास्त म्हणतात. १ मिली रक्तात अंदाजे अर्धा मिलीग्रॅम लोह असतं, म्हणजे ८० मिली गेलं की ४० मिलीग्रॅम लोह गेलं, आणि शरीर जेवणातून दिवसाला जेमतेम १-२ मिलीग्रॅमच शोषून घेतं, त्यातलं १ तर रोजच्या झिजेतच जातं. त्यात गरोदरपण, बाळंतपण, दोन मुलांमध्ये कमी अंतर, मग शिल्लक राहणार कुठून. आपली पाळी जास्त आहे हे कित्येकींना माहीतच नसतं कारण आईचं नि बहिणीचं पण तसंच असतं. दर एक-दोन तासाला पॅड बदलावं लागणं, रात्री त्यासाठी उठावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, आठ-आठ दिवस चालणं हे नॉर्मल नाही, यामागे फायब्रॉइड (गर्भपिशवीतली गाठ), तांबी किंवा थायरॉइड असू शकतं आणि ते न बघता नुसत्या लोहाच्या गोळ्या खाणं म्हणजे नळ उघडा ठेवून टाकी भरणं.

अजून एक गोष्ट बरेचदा सुटते. हिमोग्लोबिन १२.५ आलं की "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून बाईला घरी पाठवतात, पण लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर पडतं. साठा कळतो फेरिटिनच्या टेस्टमध्ये, ते १५ च्या खाली म्हणजे साठा संपला असं धरतात आणि बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचार सुरू करतात. (अंगात इन्फेक्शन किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं, हेही आहे.) केस गळणं, नखं पातळ होणं ही खूण असते, पण सगळ्यात बोलकी खूण म्हणजे माती, खडू, पाटीवरची पेन्सिल नाहीतर कच्चे तांदूळ खावेसे वाटणं. तांदूळ निवडता निवडता मूठभर तोंडात टाकणाऱ्या सुनेला लोक रागावतात, खरं तर तिचं रक्त तपासायला हवं.

खाण्यात बीटावर भारी विश्वास आहे, रंग लाल म्हणून, पण बीटात लोह फार नाही. बाजरी, अळीव, कडधान्यं, हिरव्या पालेभाज्या बऱ्या, पण धान्य-भाजीतलं लोह कमी शोषलं जातं, मटण-कलेजी-मासळीतलं जास्त. लिंबू पिळलं, आवळा खाल्ला, कडधान्याला मोड आणले की शोषण वाढतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला की घटतं, त्यामुळे चहा तासाभराने घ्यावा. उपवासाच्या साबुदाण्यात लोह जवळजवळ नाहीच. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची पद्धत अजून गेलेली नाही, तिथे कुठला डाएट चार्ट चालणार.

गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्यातून एक निळी, गरोदर बायकांना १८० दिवस रोज एक लाल, दोन्हीत ६० मिलीग्रॅम लोह असतं. २०१८ पासून हे ॲनिमिया मुक्त भारत या नावाखाली चालतं, मूळ कार्यक्रम १९७० पासूनचा आहे. मळमळतं, शौचाला काळं होतं, पोट साफ होत नाही म्हणून गोळ्या फडताळात पडून राहतात. काळं होणं निरुपद्रवी आहे आणि मळमळत असेल तर डॉक्टरला विचारून एक दिवसाआड घेता येते, तशी उलट चांगली शोषली जाते असं दिसलंय. हिमोग्लोबिन भरलं तरी साठ्यासाठी पुढे तीनेक महिने चालू ठेवतात. "ताकदीची सलाईन" मात्र निव्वळ पैसे घालवणं आहे, ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, लोह शून्य.

रक्त ठीक असेल तर थायरॉइड बघतात, तो बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, वजन वाढणं, थंडी सहन न होणं, पाळी बिघडणं सोबत असतं. थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नये, चार तासांचं अंतर ठेवावं, हे सांगायचं बरेचदा राहून जातं. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं पण खूप, पायाला मुंग्या येतात, विसरायला होतं. शिवाय शुगर, डिप्रेशन, घोरण्यामुळे तुटणारी झोप. सहा महिन्यांच्या वर थकवा आणि थोड्या श्रमाने दुसऱ्या दिवशी अंथरूणच धरावं लागणं, असं असेल तर क्रॉनिक फटिग सिंड्रोमचा विचार करतात, तोही बायकांत जास्त दिसतो.

आणि काम. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, तेच काम करणाऱ्या पुरुषांचा ९७. हे रक्ताच्या रिपोर्टमध्ये कुठे दिसत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचं तर सगळंच एकत्र आलेलं, नवरा-बायको मिळून एक कोयता (मजुरीची एक जोडी), खाडा झाला की पैसे कापणार, फडावर संडास नाही, पाणी नाही, म्हणून पाळीचा नि पोटदुखीचा त्रास नको म्हणून गर्भपिशवीच काढून टाकायची. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हेंच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीसोबत बीजांडकोश पण काढले तर चाळिशीच्या आतच मेनोपॉज लागतो, रात्री घाम, तुटक झोप, हाडं ठिसूळ, म्हणजे ज्या त्रासातून सुटायला ऑपरेशन केलं त्याच्या जागी दुसरा थकवा येऊन बसतो.