नायरा घसरला, ई-नायराही घसरला

२५ ऑक्टोबर २०२१ रोजी नायजेरियाने आपल्या नायरा या चलनाचा डिजिटल अवतार, ई-नायरा, बाजारात आणला. बहामाच्या ‘सँड डॉलर’ या अशाच चलनाला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते, आफ्रिकेत मध्यवर्ती बँकेचे डिजिटल चलन काढणारा हा पहिलाच देश.

नायराचे दुखणे मात्र जुने. १९७३ साली पौंडाच्या जागी तो आला आणि तेलाच्या पैशावर इतका तालेवार झाला की १९८० च्या सुमारास एका नायराला दीड डॉलरहून जास्त मिळत. मग तेलाचे भाव पडले. १९८६ मध्ये बाबांगिदा सरकारने दर बाजारावर सोडला आणि घसरण लागली ती लागलीच. कच्चे तेल विकून डॉलर आणायचे आणि त्याच डॉलरांनी पेट्रोल बाहेरून घ्यायचे, असा तिथला संसार होता.

डॉलरचे तिथे दोन भाव असत : बँकेचा आणि अबोकीचा. हौसा भाषेत अबोकी म्हणजे मित्र. रस्त्यावर डॉलर बदलून देणाऱ्याला सगळे याच नावाने ओळखतात. ई-नायरा आला तेव्हा सरकारी भाव डॉलरला ४१० नायरांच्या आसपास होता, अबोकीकडे साडेपाचशेच्या वर. महिनाभर आधीच मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर गॉडविन एमेफिएले यांनी रस्त्यावरचे भाव देणाऱ्या ‘अबोकीएफएक्स’ या संकेतस्थळावर सट्टेबाजीचा ठपका ठेवला होता. संकेतस्थळाने भाव देणे थांबवले. भाव चढतच राहिला.

बँकांना क्रिप्टोचे व्यवहार त्याच वर्षी फेब्रुवारीत बंद केले होते. पण लोक क्रिप्टोकडे वळत होते ते बव्हंशी नायरातून सुटायला, आणि ई-नायरा म्हणजे पुन्हा नायराच : एकास एक, व्याज शून्य. पुढे साध्या फोनवरून *९९७# दाबूनही तो वापरता येऊ लागला. डॉलर काही त्यातून निघेना. पहिल्या वर्षी कोणताही आठवडा घ्या, ९८.५ टक्के वॉलेट पडून होती, असे नाणेनिधीच्या अहवालात आढळते.

२०२३ च्या सुरुवातीला जुन्या नोटा बाद करायला घेतल्या आणि नव्या पुरेनात. एटीएमपुढच्या त्या रांगा पाहून आपल्याला २०१६ चा नोव्हेंबर आठवावा. तेव्हा ई-नायराचा वापर वाढला खरा, पण हातात नोट नव्हती म्हणून.

जूनमध्ये नवे राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांनी एमेफिएले यांना निलंबित केले. पाठोपाठ दर मोकळा सुटला. ४७० चा डॉलर महिनाअखेर ७०० च्या पुढे गेला, फेब्रुवारी २०२४ मध्ये १५०० च्या. वॉलेटमधला ई-नायराही तेवढाच उतरला.