कन्कशन (फुटबॉलमधील)

डोक्याला, चेहऱ्याला किंवा मानेला बसलेल्या जोरदार धक्क्यामुळे मेंदूला जो हादरा बसतो, त्याला कन्कशन म्हणतात. धक्का थेट डोक्यालाच बसायला हवा असे नाही. धडाला बसलेल्या धक्क्याने मान झटक्यात वळली, तरी कवटीच्या आतला मेंदू गरकन फिरतो, चेतातंतू ताणले जातात आणि पेशींचे काम काही काळ बिघडते. हा बिघाड मेंदूच्या कार्यात असल्यामुळे सीटी स्कॅन किंवा नेहमीच्या एमआरआयमध्ये बहुधा काहीच आढळत नाही. खेळाडू बेशुद्ध पडला नाही म्हणजे कन्कशन नाही, हा समज फार पसरलेला आणि तितकाच धोकादायक आहे, कारण बहुसंख्य रुग्णांची शुद्ध हरपतच नाही.

फुटबॉलमध्ये ही इजा प्रामुख्याने हवेतल्या चेंडूसाठी दोघांनी एकदम उडी घेतली असता, डोक्यावर डोके आदळून किंवा कोपर लागून होते. नीट घेतलेल्या हेडरने, म्हणजे चेंडू डोक्याने मारल्याने, तत्काळ कन्कशन होणे त्या मानाने विरळ. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर सतराव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या एझेकिएल गाराय याच्या खांद्यावर आपटला, उठला आणि खेळत राहिला. थोड्या वेळाने त्याने पंच निकोला रिझोली यांनाच विचारले, की हा अंतिम सामना आहे का. एकतिसाव्या मिनिटाला त्याला बाहेर नेण्यात आले. मधली चौदा मिनिटे तो धावत होता आणि दुरून पाहणाऱ्याला धडधाकटच वाटत होता.

निदानातली खरी अडचण हीच आहे. कन्कशन सिद्ध करणारी एकही रक्तचाचणी किंवा प्रतिमा मैदानावर उपलब्ध नसते, आणि ज्याच्या सांगण्यावर विसंबायचे त्याचाच मेंदू गोंधळलेला असतो. शिवाय त्याला बहुधा खेळायचेच असते. म्हणून डॉक्टर आधी डोळ्यांनी पाहतात: खेळाडू निपचित पडला का, उठताना झोकांडला का, नजर शून्यात आहे का. मग आपण कोणत्या मैदानावर आहोत, शेवटचा गोल कोणी केला, मागचा सामना कोणाशी होता, असे प्रश्न विचारतात. मानदुखी, वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, दुहेरी दिसणे, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, झटके, मंदावणारी शुद्ध यांपैकी काहीही दिसल्यास मानेला आधार देऊन तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

पूर्ण तपासणीसाठी स्कॅट-६ हा संच वापरतात. त्यात बावीस लक्षणांची तीव्रता, शब्दांची यादी लगेच व काही मिनिटांनी पुन्हा आठवणे, महिन्यांची नावे उलट क्रमाने म्हणणे आणि तोल सांभाळणे यांचा समावेश आहे. ही तपासणी घाईत उरकली तरी दहा-पंधरा मिनिटे घेते, तर अशा तपासणीसाठी सामना थांबवण्याचा २०१४ नंतर फुटबॉलमध्ये रूढ झालेला थांबा जेमतेम तीन मिनिटांचा आहे. २०२१ पासून कायमस्वरूपी जादा बदली खेळाडूची (म्हणजे जखमी खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही) सोय प्रायोगिक तत्त्वावर आली व २०२४-२५ पासून ती नियमांत पर्याय म्हणून समाविष्ट झाली. तपासणीपुरता तात्पुरता बदली खेळाडू देण्याच्या प्रयोगाला मात्र नियम ठरवणाऱ्या इफॅबने २०२३ मध्ये मान्यता दिली नाही. त्यामुळे शंका आली की खेळाडूला बाहेर काढायचे आणि त्या दिवशी परत आत पाठवायचे नाही, एवढाच सुरक्षित मार्ग उरतो. लक्षणे काही तासांनीही उमटू शकतात. म्हणून त्याला एकटे सोडत नाहीत आणि वाहन चालवू देत नाहीत.

पूर्वी अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहण्याचा सल्ला देत. आम्सटरडॅम येथे २०२२ मध्ये झालेल्या तज्ज्ञ परिषदेच्या निवेदनानुसार पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती (म्हणजे पूर्ण पडून न राहता रोजच्या हलक्या हालचाली चालू ठेवून विश्रांती) घेऊन स्क्रीनचा वापर कमी ठेवावा आणि लगेच हलके चालणे सुरू करावे. त्यापुढे सौम्य व मध्यम व्यायाम, एकट्याने चेंडूचा सराव, धक्क्याविना संघासोबत सराव, पूर्ण सराव आणि सामना अशा पायऱ्या असतात. सहसा प्रत्येकीला किमान एक दिवस देतात. एकट्याच्या सरावापर्यंत हेडर वर्ज्य असतो, आणि संघात परतण्यापूर्वी लक्षणे पूर्ण जाऊन डॉक्टरांची संमती मिळावी लागते. प्रौढ साधारण दोन आठवड्यांत, मुले चार आठवड्यांपर्यंत बरी होतात. शाळकरी खेळाडूने आधी वर्गात पूर्णवेळ बसावे, मग सामन्यात उतरावे.